मानाची पेटी

२८ ऑगस्ट १९७९

रोज लिहीन असं मी म्हणत नाही. काही घडलं तर लिहीन. आज घडलं.

कडसाहेबांनी कार्डांची आख्खी गड्डी कपाटातून काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मन्सूर, ही मोडायची."

त्या गड्डीतलं जवळजवळ प्रत्येक कार्ड मी किंवा माझ्याबरोबर काम करणाऱ्या शकूताईंनी पंच केलं आहे, म्हणजे मशिनवर भोकं पाडून लिहिलं आहे. एक कार्ड म्हणजे प्रोग्रामची एक ओळ. या महिन्यात इतके पंप बनवायचे असं सांगितलं की कोणते भाग किती लागतील, भांडारात किती आहेत आणि बाजारातून किती आणायचे, ते हा प्रोग्राम सांगतो. म्हणजे सांगायला हवा. अजून एकदाही शेवटपर्यंत चाललेला नाही.

कॉम्प्युटर आमच्याकडे नाही. पुण्यातल्या एका सेंटरमध्ये महिन्यातून एकदा आमची पाळी लागते. आख्खी गड्डी मशिनला द्यायची. मधे कुठे एक ओळ बिघडली की पुढचं सगळं वाया. ती सुधारायची, पुढच्या पाळीची वाट बघायची, तोवर कोणीतरी दुसरी ओळ बिघडवलेली असते.

मोडायची म्हणजे फाडायची नव्हे, हे साहेबांनी माझा चेहरा बघून सांगितलं. तिचे भाग करायचे. प्रत्येक भागाची वेगळी पेटी. एका पेटीत बिघाड झाला तर तेवढीच सुधारायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. साहेब त्याला मॉड्यूल म्हणतात. आम्ही पेटीच म्हणणार.

मॅनेजरसाहेबांनी निरोप दिला आहे की दसऱ्यानंतरच्या पाळीत प्रोग्राम चालला नाही तर हे काम मुंबईच्या एका कंपनीकडे जाईल आणि आमची खोली स्टेशनरीला मिळेल. साहेब इंजिनिअर आहेत, त्यांना कुठेही काम मिळेल. शकूताई टेलिफोनवर जातील. मी टेंपररी. मॅट्रिकला न बसलेल्या माणसाला पंचिंगला कोण घेणार? मी पिंपरीत अब्बांच्या गॅरेजात. त्यात काही कमीपणा नाही, पण मला हे काम आवडतं. हे मी दुसऱ्या कोणाला सांगितलेलं नाही.

३० ऑगस्ट

कँटीनमागच्या हॉलमध्ये सतरंजी टाकून गड्ड्या मांडल्या. प्रत्येक ओळ हातात घ्यायची आणि ठरवायचं, ही कोणाची? भांडाराची, जुळणीची, खरेदीची की छपाईची? पहिल्यांदा प्रत्येक कार्ड दोनदा वाचत होतो. दुपारनंतर इतकी मजा यायला लागली की डबा खायचा राहिला.

"मन्सूरभाऊ, पत्ते चांगले पिसताय," शकूताई म्हणाल्या. "डाव कधी मांडायचा?"

मी म्हटलं, "ताई, एक पान इकडचं तिकडं झालं तर डाव उधळेल."

"तुमच्या हातून? तुम्ही तर चहात साखरसुद्धा ओळीनं घालता."

पेटी भरली की गड्डीच्या वरच्या कडेवर शाईची तिरकी रेघ ओढायची. एखादं कार्ड चुकीच्या जागी गेलं तर रेघ तुटलेली दिसते. ही युक्ती साहेबांची. भांडाराला लाल, जुळणीला हिरवी, खरेदीला निळी, छपाईला काळी.

४ सप्टेंबर

आज जे कळलं त्यानं मी वेडा व्हायचा बाकी आहे!

भाग वेगळे करताना दिसलं की 'बुश' या भागाचं वर्णन भांडाराच्या पेटीत आहे, जुळणीच्या पेटीत आहे आणि खरेदीतही आहे. आणि तिन्ही वेगळी. एकात नंबर पाच आकडी, दुसऱ्यात सहा आकडी. म्हणूनच मागच्या पाळ्यांना हिशोब जुळत नव्हता! मी साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "मला हाच संशय होता. आता काय करशील?"

"तिन्हीकडे सहा आकडी करू."

"आणि पुढच्या वर्षी सात झाले तर?"

मग त्यांनीच सांगितलं. सगळ्यांना लागणारं वर्णन एकदाच लिहायचं, एका वेगळ्या पेटीत. ती मशिनला सर्वांत आधी द्यायची, मशिन ती आपल्या पोटात जपून ठेवतं. मग बाकीच्या पेट्यांनी तिथून घ्यायचं. म्हणजे बदल एकाच ठिकाणी. त्या पेटीला आम्ही 'सामाईक' नाव दिलं. रेघ पिवळी.

सामाईक पहिली, मग जुळणी, भांडार, खरेदी, छपाई. सगळ्या ठीक निघाल्या की शेवटी मशिन त्या जोडून एक प्रोग्राम करतं, ती जोडणी. पेट्यांवर पांढऱ्या रंगानं एक ते पाच आकडे काढले. सुंदर दिसतात.

काम संपल्यावर साहेबांनी एक कोरं कार्ड पुढे केलं. "तुला उर्दू येतं ना? आकडे लिहून दाखव." मी शून्यापासून नऊपर्यंत लिहिले. साहेब म्हणाले, चार वेगळा काढतात ना अरबीत? मी म्हटलं, हो, चार, पाच, सहा थोडे वेगळे. तेही लिहून घेतले आणि कार्ड खिशात ठेवलं. कुठल्याही आकड्यांवर प्रेम असलेला असा माणूस मी पाहिला नाही.

११ सप्टेंबर

साहेबांनी परीक्षा घेतली. माझी नव्हे, पेट्यांची. शकूताईंना सांगितलं, मन्सूरला काही न विचारता खरेदीच्या पेटीत अमुक बदल करून दाखवा. मी कोपऱ्यात तोंड बंद करून बसलो. ताईंनी पेटीच्या पहिल्या कार्डावरचं वर्णन वाचलं, जागा शोधली, दोन कार्डं बदलली, रेघ पुन्हा ओढली. झालं!

साहेब खूश. "उद्या मी ट्रकखाली आलो तरी चाललं पाहिजे," म्हणाले.

"असं अभद्र बोलू नका साहेब," मी म्हणालो.

ते हसले. "बरं, ट्रक नको. पण चाललं पाहिजे."

शकूताईंनी परतताना विचारलं, "साहेबांनी स्कूटर विकली, माहिती आहे का?" मला माहिती आहे. ते आता बसनं येतात. बसमध्ये विचार करायला वेळ मिळतो, असं त्यांनी मला सांगितलं. मी ताईंना तसं सांगितलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

१९ सप्टेंबर

साहेब दोन दिवस मुंबईला गेले आहेत, कुठल्याशा वकिलातीत काही कागदांचं काम आहे. नेमकं आजच अण्णासाहेब आले.

अण्णासाहेब भांडाराचे प्रमुख. चाकणकडचे, धोतर-कोट-टोपी. कंपनी पत्र्याच्या शेडमध्ये होती तेव्हापासूनचे. भांडारात आज किती भाग शिल्लक आहेत याचे आकडे त्यांच्या सहीनं आले की ते आम्ही पंच करतो. आकडे नाहीत तर पाळी नाही. गेला आठवडाभर मी रोज मागत होतो.

त्यांनी पेट्या पाहिल्या. काठीनं भांडाराच्या पेटीवरच्या आकड्याला टोचलं. "ह्यो काय? तीन?"

"हो अण्णासाहेब. क्रमांक."

"आन् येक कुनाचा?"

"सामाईकचा."

"सामाईक म्हंजी कोन? कुटल्या खात्याचा मानूस हाय त्यो?"

मी समजावलं की तो माणूस नाही, नावांची पेटी आहे. ते ऐकेनात. "आरं पोरा, हितं कंपनीचं पयलं कुलूप भांडाराला लागलं आन् किल्ली माज्याकडं आली. आन् आता भांडार तिसरं? त्या जुळनीच्या कालच्या पोराच्या मागं? उद्या मशिन बी म्हनंल, म्हाताऱ्याला तिसऱ्या पंगतीला बसवा." मग शांतपणे म्हणाले, "माजी पेटी पयली कर. आकडं तासाभरात धाडतो."

मी म्हटलं साहेबांना विचारतो. ते म्हणाले, "इचार की. कवा येनार?" परवा. आणि आकडे पंच करायलाच दहा दिवस लागतात.

शकूताई म्हणाल्या, "म्हातारा घाबरलाय हो. त्याच्या डोक्यात जे आहे ते तुम्ही पेटीत भरताय." मला तसं वाटत नाही. अण्णासाहेब कोणाला घाबरणारे नाहीत. त्यांना मान हवा आहे, एवढंच.

मी विचार केला. आकडा म्हणजे नुसता रंग. मशिनमध्ये पेट्या घालताना मी तिथे असणारच. हातानं योग्य क्रमानं देईन. म्हणून सामाईक, जुळणी आणि भांडार या तिन्ही पेट्यांवरचे आकडे खरवडले आणि नवे काढले. भांडार एक. सामाईक दोन. जुळणी तीन.

आकडे तासाभरात आले, सहीसकट.

बरोबर केलं की नाही कळत नाही. पण काम पुढे गेलं हे खरं.

खंडेनवमी

सकाळी अब्बांच्या गॅरेजात पाने, जॅक, हवेचा पंप धुऊन झेंडू वाहिला. अब्बा दरवर्षी करतात. शेजारचे विचारतात, चांदभाई, तुम्ही कसे? अब्बांचं उत्तर ठरलेलं. ज्याच्यावर पोट चालतं त्याला एक दिवस विश्रांती द्यायची, एवढंच.

दुपारी कंपनीत आमच्या खोलीतली पूजा. पंचिंग मशिनला हार, आणि पाटावर पाच पेट्या. त्या कोणी लावल्या असतील ते सांगायला नको. भांडाराची पेटी मधोमध, पुढे. अण्णासाहेब स्वतः उभे. मी हात जोडून सांगितलं की कार्डांना ओलं काही लावू नका, नाहीतर मशिनमध्ये अडकतील. त्यांनी ते मात्र लगेच ऐकलं. झाकणावरच हळद-कुंकू वाहिलं, तेही कोरडं.

पूजेच्या आधी आकडे पुन्हा बदलून टाकावेत असं माझ्या मनात होतं, पण पंचिंगमधून डोकं वर निघालंच नाही. आता पूजा मांडली. दसरा होईपर्यंत हत्याराला कोणी हात लावायचा नाही. मीही लावणार नाही. परवा पहाटे जीप इथूनच पेट्या घेऊन निघेल. साहेब अजून खोलीत आलेले नाहीत. मुंबईहून आल्यापासून ते मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्येच असतात.

काळजी वाटते. पण त्याहून जास्त उत्सुकता. उद्याचा दसरा मधे नसता तर बरं झालं असतं!

दसऱ्यानंतरचा दिवस

सगळं लिहितो. सुरुवातीपासून.

जीपमध्ये साहेब, मी आणि अण्णासाहेब. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. "माजी पेटी पयली चालली, मी नगं?" म्हणून पुढच्या सीटवर बसले. टोपी नवी.

सेंटरमध्ये गेलो तर नियम बदललेला. बाहेरच्यांना मशिनच्या खोलीत मनाई. एक खिडकी आहे, तिच्यातून पेट्या द्यायच्या. ऑपरेटर आत घेऊन जाणार. मी म्हणालो, "क्रम मी सांगतो." तो म्हणाला, "क्रम पेटीवर आहे ना? मग झालं." आणि खिडकी बंद.

काचेतून दिसत होतं. लाल रेघेची गड्डी आधी आत गेली. साहेबांना सांगायला वळलो, तोवर मशिन खडखडायला लागलं होतं.

कागद बाहेर आला. पानंच्या पानं. प्रत्येक ओळीला एकच तक्रार : हे नाव माहीत नाही. हे नाव माहीत नाही. हे नाव माहीत नाही.

ऑपरेटरनं खिडकीतून कागद दिला. "फेल. पुन्हा पाच पेट्या घालायला वेळ नाही. पुढच्या महिन्यात या."

साहेबांनी पहिलं पान वाचलं. "आकडे कोणी बदलले?"

"मी."

मला वाटलं आता ओरडतील. ते भिंतीला टेकले, कागद माझ्या हातात दिला आणि घड्याळाकडे बघून म्हणाले, "मग आता काय करायचं तेही तूच सांग."

मला रडूच येणार होतं. पण हातात कागद होता आणि मला कागद शेवटपर्यंत वाचायची सवय आहे. पानं उलटत गेलो. तक्रारी थांबल्या. सामाईक : ठीक. जुळणी : ठीक. खरेदी : ठीक. छपाई : ठीक.

ठीक! कारण सामाईक दुसरी गेली होती, आणि तिच्यानंतरच्या सगळ्यांना नावं मिळाली होती. नापास झाली ती एकटी भांडाराची पेटी. नावं अजून मशिनच्या पोटात होती. जुनी एकसंध गड्डी असती तर सगळं संपलं असतं. आता—

मी खिडकी वाजवली. बोटं दुखेपर्यंत. "पाच नाही! एकच पेटी! फक्त लाल, आणि मग सगळ्यांची जोडणी!"

ऑपरेटरनं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. ऑपरेटर म्हणाला, "एकच असेल तर बसेल. लवकर आणा."

पण पेटी अण्णासाहेबांच्या मांडीवर होती. ऑपरेटरनं ती परत दिल्याबरोबर त्यांनी घेतली होती आणि दोन्ही हात झाकणावर ठेवून बाकावर बसले होते. चेहरा उतरलेला.

"माजीच पेटी नापास झाली? बाकी समदी पास?"

"अण्णासाहेब, द्या. पुन्हा घालायची आहे."

"समद्यांच्या शेवटी?"

"हो."

"पूजेत पयली व्हती. आता उष्ट्या पंगतीला बसवतोस व्हय रे?"

मी साहेबांकडे बघितलं तर ते कागद परत घेऊन वाचत होते, उलटा धरून. मला खाली बसायलाही सुचेना. मी उभ्यानंच म्हणालो, "अण्णासाहेब, भांडाराच्या दारात एक खोकं आलं, वर भागाचं नाव नाही, नंबर नाही. तुम्ही काय करता?"

"परत धाडतो. नावाबिगर माल मी उंबऱ्याच्या आत घेत न्हाई. मालकाचा असला तरी."

"मशिननं तेच केलं. सगळ्या भागांची नावं सामाईक पेटीत होती, ती अजून पोचली नव्हती. तुमचा माल नावाआधी दारात गेला. त्यानं परत पाठवला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग काचेतून मशिनकडे. मग त्यांना हसू फुटलं, सगळं अंग हलवून. "म्हंजी माज्यावानीच हाय की ते खडूस!" त्यांनी पेटी उचलली आणि स्वतः खिडकीत नेऊन दिली. ऑपरेटरला म्हणाले, "घ्या. आता नावं घेऊन आलीया."

खडखडाट. मग थांबलं. मी डोळे मिटले होते. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा उघडले.

भांडार : ठीक. जोडणी : ठीक. आणि मग मोठं मशिन छापायला लागलं. दोनशे पंपांना किती बुश, किती सील, किती नट, भांडारात किती, आणायचे किती. एकामागून एक, सरळ रांगेत, एकही अक्षर चुकलेलं नाही!

जीपमध्ये मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. अण्णासाहेबांनीच म्हटलं. त्यांचा आवाज चांगला आहे, हे कंपनीत कोणाला माहीत नसेल.

६ ऑक्टोबर

मॅनेजरसाहेबांनी कागद पाहिले. काम मुंबईला जाणार नाही. खोली आमचीच! शकूताईंनी पेढे आणले आणि पहिला पेढा पंचिंग मशिनवर ठेवला. "आधी हिला. तुम्ही माणसं मग."

मी आकडे पुन्हा बदलले. सामाईक एक, भांडार तीन. साहेबांना विचारलं नाही, अण्णासाहेबांनाही नाही. मात्र छपाईच्या पेटीत एक बदल केला. मशिनला पेट्या ठरल्या क्रमानंच जातील, पण कागदावर पहिलं पान भांडाराचं येईल. त्यानं कशालाच धक्का लागत नाही. अण्णासाहेबांना सांगितलं तर म्हणाले, "आता कशाला? मी काय ल्हान हाय?" पण पान कोणत्या कागदावर येईल, जाड की पातळ, ते विचारून गेले.

९ ऑक्टोबर

कायम झालो! साहेबांनी नाव सुचवलं होतं. हुद्दा ऐकून मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. 'विभागाची देखरेख.' मी साहेबांना म्हणालो, हे जरा जास्त होतंय, देखरेख तर तुम्ही करता. ते म्हणाले, कागदावर कोणाचं तरी नाव लागतं. असेल तसं. अब्बांनी गॅरेज अर्धा दिवस बंद ठेवलं आणि आलेल्या प्रत्येकाला चहा पाजला.

१५ ऑक्टोबर

साहेब उद्यापासून रजेवर. दिवाळी गावी करणार, पुढे आणखी काही दिवस लागतील म्हणाले. कपाटाची किल्ली माझ्याकडे दिली.

जायच्या आधी मी त्यांना अडवलं. खरेदीची पेटी फार फुगली आहे. नव्या पंपाची कार्डं आली की झाकण लागणार नाही. तिचे दोन भाग करायला हवेत. साहेबांना वाटतं ऑर्डर आणि बिलं असे वेगळे करावेत. मी तीन दिवस गड्डी चाळली आहे. माझ्या मते तिथे कापलं तर दोन्ही अर्धे सारखे एकमेकांना विचारत राहतील. बाहेरून येणारा माल एका पेटीत आणि इथे बनवून घेतलेला दुसऱ्या पेटीत असं हवं. मी हे साहेबांसमोर बोललो. अडखळत, पण बोललो.

साहेबांनी बराच वेळ ऐकून घेतलं. म्हणाले, "मला पटत नाही."

"मग तुमच्यासारखं करतो."

"मी काय म्हटलं? मला पटत नाही. कर की नको, असं म्हटलं का?" त्यांनी माझा हात हातात घेतला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला. शकूताई पदरानं डोळे पुसत होत्या. रजेवर जाणाऱ्या माणसासाठी कोणी इतकं रडतं का, असं मी त्यांना नंतर विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही हो मन्सूरभाऊ. धूळ गेली."

साहेब गेल्यावर मी सतरंजी टाकली आणि खरेदीची गड्डी उघडली. ते परत आल्यावर बघतील आणि कदाचित रागावतील. रागावू देत. मी मला वाटलं तिथेच कापली आणि दोन्ही अर्ध्यांवर नवी रेघ ओढली.